दाताची कॅप : माल पाहिला, शिलाई पाहिली का?

कपड्याच्या धंद्यात गिऱ्हाईक ताका उलगडून पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाही. पन्ना पाहतो, रंग पक्का आहे का म्हणून ओले बोट चोळतो. तोच माणूस दाताच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवा झाला की ‘साहेब, चांगली बसवा’ एवढेच म्हणतो. आम्हीही तेच केले.

दोन वर्षांपूर्वी आमच्या खालच्या दाढेचे रूट कॅनाल झाले. अशी दाढ तुटण्याची भीती असते, म्हणून तिच्यावर कॅप बसवतात. आमची कॅप आतून धातू, वरून सिरॅमिक. पहिल्या दिवसापासून घास चावताना तीच आधी टेकायची. लग्नसराई चालू, दुकान सोडवेना. ‘होईल सवय’ म्हणत आम्ही महिना काढला. ही आमची चूक. कॅप उंच बसली असेल तर दाढेला मार बसत राहतो. निळा कागद चावायला देऊन थोडे घासले की काम होते, पण त्यासाठी आठवड्याच्या आत जावे लागते. आमच्या कॅपचा शेवटी टवकाच उडाला. दवाखान्याने पुन्हा पैसे मागितले. आमच्याकडे ना बिल, ना चिठ्ठी. काय बोलणार?

मालाचे प्रकार मुख्यतः तीन. साधी धातूची कॅप स्वस्त आणि मजबूत, पण दिसते. तिच्यात बहुधा निकेल असते. खोट्या दागिन्याने ज्यांना खाज सुटते त्यांनी आधी सांगावे. धातू-सिरॅमिक दिसायला बरी, पण टवका उडू शकतो आणि हिरडी सरकली की कडेला काळी रेघ दिसते. झिरकोनियात ती रेघ नाही. भाव मात्र चढा. तिच्याबरोबर पाच, दहा, पंधरा वर्षांचे कंपनीचे कार्ड मिळते आणि गिऱ्हाईक त्यावरच भाळते.

पण हे कार्ड कापडाचे आहे, शिलाईचे नव्हे. कॅप किडत नाही, खालचा दात किडतो. कॅपची कड हिरडीपाशी नीट बसली नाही तर तेथे अन्न अडकते आणि कीड आत शिरते. नस काढलेली दाढ कीड लागली तरी ठणकत नाही, त्यामुळे वास येईपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून कॅप बसल्यावर कडेचा एक्स-रे पाहायला मागावा आणि ब्रश कडेलाच जास्त फिरवावा.

जिवंत दातावर कॅप बसवली तर थंड-गरम काही दिवस झोंबते. रात्री ठणका लागला तर मात्र नस बिघडली समजून लगेच जावे. कॅपसाठी घासलेला दात पुन्हा भरून येत नाही; कापलेले कापड ताक्यात परत जात नाही, तसेच.

कॅप निघाली तर झटपट चिकटणाऱ्या गोंदाने घरी चिकटवू नये. डबीत घालून दवाखान्यात न्यावी. सैल कॅप तोंडात ठेवून झोपूही नये, गिळली जाते.

सुप्रीम कोर्टाच्या 1995 च्या निकालाने फी घेणारे डॉक्टर, दाताचे डॉक्टरसुद्धा, ग्राहक कायद्याखाली आले. पण तक्रार करायला हातात कागद हवा. बिलावर दाढ कोणती, माल कोणता, आणि पुन्हा करावी लागली तर खर्च कोणाचा, हे लिहून घ्यावे.

आमची दुसरी कॅप झिरकोनियाची आहे. कार्ड आणि बिल दोन्ही तिजोरीत ठेवले. बसवल्यावर तिसऱ्याच दिवशी दुकान थोरल्या मुलाच्या हवाली करून आम्ही पुन्हा त्या खुर्चीवर हजर. निळा कागद चावला. किंचित उंचच निघाली.