जुन्या जीपचं इंजिन बदललं, आता कागदांचं काय?

हिमायतनगर, भोकर, किनवट या पट्ट्यात जुन्या वाड्याच्या ढेलजेत किंवा शेतातल्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली झाकलेली जीप अजूनही दिसते. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली, नंतर इंजिन बसलं म्हणून उभी राहिलेली. महिंद्राने भारतात विलीस जीपची जुळणी १९४०च्या दशकाच्या शेवटी सुरू केली आणि पुढची कित्येक वर्षं खेड्यांतल्या रस्त्यांवर याच गाडीचा भरवसा होता. आता नातवाला ती पुन्हा चालू करायची असते. मिस्त्री इंजिन उतरवतो, दुसरं बसवतो, गाडी सुरू होते, घरात पेढे वाटले जातात. खरी अडचण त्यानंतर, पासिंगच्या वेळी समोर येते.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कायद्याच्या दृष्टीने इंजिन म्हणजे त्याच्या ब्लॉकवर ठोकलेला नंबर. पिस्टन बदलले, स्लीव्ह टाकल्या, क्रँक घासून घेतला, हेड नवीन बसवलं, तरी ब्लॉक तोच असेल तर ती दुरुस्ती झाली आणि आरसी बुकात काहीही बदलायचं नसतं. ब्लॉक बदलला, की कागदावरचं इंजिन बदललं. विलीस घराण्यातल्या चार सिलेंडरच्या हरिकेन इंजिनावर हा नंबर ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, वॉटर पंप बसतो तिथल्या उंचवट्यावर असतो. तेल, माती आणि रंगाचे थर बसून तो दिसेनासा होतो. केरोसिन आणि चिंधी घेऊन हलक्या हाताने पुसून काढायचा. ग्राइंडर किंवा खरखरीत पॉलिश पेपर तिथे चुकूनही लावायचा नाही. नंबर पुसट असेल तर तसाच घेऊन कार्यालयात विचारायचं. कुणी ‘नंबर मारून देतो’ म्हणालं, तर त्याला तिथूनच परत पाठवायचं. घरच्या घरी नंबर ठोकणं हा गुन्हा आहे आणि चोरीच्या गाड्या पकडताना सगळ्यात आधी हेच तपासतात.

म्हणून जमत असेल तर मूळ ब्लॉकच वाचवा, असं मी आग्रहाने सांगेन. बोअर खराब झालेला ब्लॉकही चांगल्या वर्कशॉपमध्ये स्लीव्ह टाकून पुष्कळदा उभा राहतो.

तो वाचलाच नाही, तर मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ लागू होतं. गाडीत असा बदल करायचा झाल्यास नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी आधी घ्यायची आणि बदल झाल्यावर १४ दिवसांच्या आत आरसी व शुल्कासह तो नोंदवायचा. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा होतो: इंजिन आधी बसतं आणि अर्ज वर्षानंतर जातो. २०१९च्या दुरुस्तीनंतर नियमात न बसणारा बदल केला तर दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा इंजिन उतरवण्याआधी नांदेडच्या आरटीओत एक खेप घालणं सगळ्यात स्वस्त पडतं.

कागदांतला सगळ्यात नाजूक कागद म्हणजे नव्या इंजिनाचं बिल. दुकानातून घेतलेलं असेल तर बिलावर इंजिन नंबर छापून घ्या. भंगार बाजारातून उचललेलं असेल, तर ते कोणत्या गाडीतून निघालं, त्या गाडीची नोंदणी रद्द झाली आहे का आणि विकणाऱ्याची सही कुठे आहे, हे प्रश्न पैसे देण्याआधी विचारायचे. नंतर तो विक्रेता सापडत नाही. इंजिन चोरीच्या गाडीचं नाही, याचा पोलिसांकडचा दाखलाही मागितला जाऊ शकतो. शिवाय आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. गाडीवर कर्जाचा बोजा नोंदलेला असेल तर बँकेचं ना-हरकत पत्रही हवं. जुन्या आरसीवर गावाचं नाव वाढोणा असेल आणि आधारवर हिमायतनगर, तर ते एकच गाव आहे हे तिथल्या टेबलावर सांगावं लागेल. पुरावा सोबत असलेला बरा.

मग गाडी निरीक्षकासमोर उभी राहते. ते चेसिस आणि इंजिन नंबरची पेन्सिलने छाप घेतात आणि कागदाशी ताडून पाहतात. एमएच-२६ ही नांदेडची मालिका १९८९ नंतरची. त्याआधीच्या गाड्यांना ‘एम’पासून सुरू होणाऱ्या तीन अक्षरांचे नंबर होते. अशा गाडीची नोंद संगणकावर चढलेलीच नसेल, तर आधी जुन्या रजिस्टरवरून ती चढवून घ्यावी लागते. त्यात वेळ जातो, पण त्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. नोंदणीची पंधरा वर्षं कधीच उलटलेली असतात, म्हणून नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांचाही हिशेब याच वेळी होतो. खाजगी गाडीचं नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळतं.

पेट्रोल काढून डिझेल इंजिन बसवण्याची हौस आपल्याकडे फार होती, कारण पेट्रोलची जीप तेल पिते. त्या काळी बदल केलेल्या गाडीच्या आरसीवर डिझेल अशी नोंद असेल तर प्रश्न नाही. आज नव्याने असं करू नका. इंधन बदललं की प्रकरण निव्वळ इंजिन नंबरच्या नोंदीपुरतं राहत नाही आणि मंजुरी मिळणं अवघड होतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने ठरवलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येणार नाही, असं सांगितलं आहे.

आता विंटेजचा मुद्दा. केंद्राने जुलै २०२१ मध्ये यासाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या दुचाकी व चारचाकी त्यात येतात. लक्षात घ्या, मोजणी पहिल्या नोंदणीपासून होते, कारखान्यातून निघाल्यापासून नाही. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचं ५,००० आणि मुदत दहा वर्षं. नव्या नंबरमध्ये राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. राज्याची समिती गाडी तपासते. मात्र ही गाडी रोज बाजारात किंवा शेतावर नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते.

आणि व्याख्येतच एक अट आहे: गाडी मूळ रूपात असावी; चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे डिझेल बसवलेल्या जीपची विंटेजची वाट जवळपास बंदच. त्याच मॉडेलचा, त्याच काळातला ब्लॉक बसवला असेल तर निदान समितीपुढे मांडायला आधार राहतो; निर्णय तिचाच. माझ्या मते, ज्याला जीपमधून शेतावर जायचं आहे त्याने साधं नूतनीकरण आणि इंजिनाची नोंद एवढंच करावं.

नोंद झालेली आरसी हातात आली की खिडकीपासून हलण्याआधी इंजिन नंबरचा एकेक आकडा ब्लॉकच्या छापेशी जुळवून पाहा. एक आकडा चुकला तरी अपघाताच्या दाव्याच्या वेळी विमा कंपनी त्यावर बोट ठेवते. त्याच आठवड्यात विमा पॉलिसीवरही नवा नंबर चढवून घ्या. जुना ब्लॉक मात्र भंगारवाल्याला देऊ नका. त्याला ग्रीस लावा, गोणपाटात गुंडाळा आणि गोठ्याच्या कोरड्या कोपऱ्यात फळीवर ठेवून द्या. उद्या कुणी त्यात स्लीव्ह टाकून तो परत जीपमध्ये बसवू शकेल, आणि पहिल्या आरसीवरचा नंबर त्याच ब्लॉकवर आहे.