लग्नाची सीडी आणि घरची डीव्हीडी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नेवासे तालुक्यातल्या आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत ताईच्या लग्नाच्या तीन सीडी आहेत. कव्हरवर नवरा-नवरीचा फोटो, चकतीवर स्केचपेनने लिहिलेलं 'पार्ट 2'. गेल्या दिवाळीत ती लावली. अक्षता पडेपर्यंत नीट चालली आणि पाठवणीला अडकली. नगर जिल्ह्यात अशा चकत्या घरोघरी आहेत: लग्नाच्या, जावळाच्या, सप्ताहातल्या काल्याच्या कीर्तनाच्या. मूळ कॅसेट बहुतेकांकडे उरलेली नाही. चित्रण आहे ते याच चकतीत. त्याची डीव्हीडी घरी करता येते, पण आधी काही समज दूर करायला हवेत.

गैरसमज: चमकती बाजू जपली की सीडी सुरक्षित.
वस्तुस्थिती: सीडी 1.2 मिलिमीटर जाड असते आणि तिची माहिती लेबलच्या अगदी खाली असते. चमकत्या बाजूचा ओरखडा पुष्कळदा पुसून किंवा पॉलिश करून निभतो, पण लेबलच्या बाजूने थर निघाला की तिथली माहिती कायमची गेली. म्हणून जुना स्टिकर ओढून काढू नका. चकती मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णतेने खराब होतो. आपल्याकडचा उन्हाळा पाहता पत्र्याखालची पेटी ही तिची जागा नव्हे.

गैरसमज: एकदा अडकली म्हणजे सीडी मेली.
वस्तुस्थिती: व्हिडिओ सीडीत जास्त चित्रण मावावं म्हणून चुका दुरुस्त करणारी जादा माहिती कमी ठेवलेली असते. साध्या सीडीच्या एका सेक्टरमध्ये 2048 बाइट मावतात, इथे 2324. त्यामुळे ती लहानशा डागानेही अडखळते. पण प्रत्येक ड्राइव्हची वाचायची ताकद वेगळी असते. दोन-तीन कॉम्प्युटरवर, कमी वेगाने वाचून पाहा. आमचा 'पार्ट 2' तिसऱ्या ड्राइव्हवर पूर्ण वाचला गेला.

गैरसमज: सीडीतली फाइल कोऱ्या डीव्हीडीवर टाकली की डीव्हीडी झाली.
वस्तुस्थिती: सीडीतल्या 'एमपेगएव्ही' फोल्डरमध्ये 'डॅट' नावाने संपणारी मोठी फाइल असते, तेच आपलं चित्रण. ती जशीच्या तशी टाकली तर नुसती डेटा डिस्क होते आणि बरेच घरगुती प्लेअर ती घेत नाहीत. त्यांना 'व्हिडिओ टीएस' फोल्डर आणि त्यातल्या ठराविक फाइल लागतात. डीव्हीडीस्टायलरसारखं मोफत सॉफ्टवेअर ही रचना तयार करून देतं. 'डॅट'चं नाव बदलून 'एमपीजी' केलं तरी आतली बांधणी तीच राहते. सॉफ्टवेअरने ती नाकारली तर व्हीसीडीगियरने आधी खरी एमपेग फाइल काढून घ्या.

गैरसमज: डीव्हीडी केली की चित्र स्वच्छ होतं.
वस्तुस्थिती: व्हिडिओ सीडीचं मानक 1993 चं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत तिचं चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं, तर डीव्हीडीचं 720 बाय 576, म्हणजे चौपट. जे टिपलंच गेलं नाही ते मोठं करून येत नाही, उलट पुन्हा एन्कोड करताना आणखी बिघडतं. डीव्हीडीच्या मानकात 352 बाय 288 चं एमपेग-1 चित्रही बसतं. म्हणून व्हिडिओच्या सेटिंगमध्ये 'कॉपी' ठेवा. बदलायचा तो फक्त आवाज: 44.1 किलोहर्ट्झवरून 48 वर.

गैरसमज: तीन सीडींना तीन डीव्हीडी लागतात.
वस्तुस्थिती: हे चित्रण मिनिटाला सुमारे 10 एमबी जागा घेतं. तीन तासांचं लग्न दोन जीबीच्या आत बसतं आणि साध्या डीव्हीडीत 4.7 जीबी मावतात. हळद, लग्न, पाठवण असा मेन्यूही करता येतो. लिहून झाल्यावर डिस्क 'फायनलाइज' करायला विसरू नका, नाहीतर ती दुसऱ्या प्लेअरवर लागणार नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांना मात्र फाइलच पाठवा, कारण तिथले बरेच प्लेअर पाल पद्धतीची डिस्क दाखवत नाहीत.

गैरसमज: डीव्हीडी झाली, आता सीडी टाकून द्या.
वस्तुस्थिती: घरी लिहिलेल्या डीव्हीडीतही रंगद्रव्यच असतं. मूळ फाइल हार्डडिस्कवर ठेवा, दुसरी प्रत वेगळ्या घरी ठेवा आणि मूळ सीडीही जपा. हे सगळं आपल्या घरच्या चित्रणासाठी. विकत घेतलेल्या सिनेमाच्या प्रती वाटणं हा कॉपीराइटचा भंग आहे.

आमच्या तीन चकत्यांची आता एक डीव्हीडी झाली आहे. एक प्रत ताईच्या घरी, एक आमच्याकडे. पाठवणीच्या गर्दीत आजी ताईला सांगते, "पोहोचल्यावर निरोप धाड." आजीचा आवाज आमच्याकडे आणखी कुठेच नाही. तुमच्या पेटीतल्या चकतीतही असं कुणी असेल. ती अजून वाचता येते तोवर काढून घ्या.