मार्गशीर्षातल्या यात्रेची पिशवी

दिवाळी सरली की सीमाभागातल्या घराघरांत दत्तजयंतीचे बेत सुरू होतात. कुणी गाणगापूरला निघतं, तर भालकी-औरादकडची मंडळी हुमनाबादजवळच्या माणिकनगरला, १८१७ साली दत्तजयंतीलाच जन्मलेल्या माणिकप्रभूंच्या उत्सवाला जातात. त्यांत सत्तरी ओलांडलेले पुष्कळ. त्यांची पिशवी मुलं-सुना भरतात, आणि ती वयाकडे बघून भरली जाते: गोळ्या, शाल, गुडघ्याचं मलम. एवढ्यावर भागत नाही. यात्रेचा दिवस कसा जाणार, ते डोळ्यांपुढे आणून पिशवी भरायला हवी.

गाणगापूरचाच दिवस घ्या. पहाटे भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान, तेही गारठ्यात. घाटाच्या ओल्या पायऱ्यांवर काठी हवीच. पण तिचं रबरी टोपण झिजलेलं असेल तर आधार द्यायच्या ऐवजी काठीच घसरते. टोपण घरून निघण्याआधी बदलावं. भिजलेलं लुगडं अंगावर जड होतं आणि पायात अडकतं, म्हणून आजींसाठी स्नानापुरतं जुनं, पातळ वस्त्र वेगळं ठेवावं. कोरडे कपडे, पंचा आणि कानटोपी एकाच पिशवीत, सगळ्यांत वर.

खरी कसोटी दुपारी. दत्तगुरू माध्यान्हीला कोणत्या ना कोणत्या रूपात भिक्षेला येतात, या श्रद्धेने माणसं झोळी घेऊन मधुकरी मागतात. मग जेवण लांबतं. सकाळी इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेतलेल्या माणसाला याच वेळी घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. भोवतीच्यांना वाटतं, उन्हाने झालं असेल. त्याच्या स्वतःच्या खिशात साखरेची पुडी हवी, सोबत्याच्या सामानात नव्हे. शुद्ध असेपर्यंत तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा बघावं, बरं वाटलं की काही खायला द्यावं. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. जेवण उशिरा होणार असेल तर गोळीची वेळ कशी बदलायची, हे डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारून कागदावर लिहून घ्यावं. हा कागद गोळ्यांइतकाच मोलाचा आहे.

दुपारची दुसरी गोष्ट पायांची. कलबुर्गी जिल्ह्यातलं शहाबाद फरशीसाठी प्रसिद्ध. या भागात अंगणापासून देवळाच्या आवारापर्यंत तीच फरशी पायाखाली येते, आणि उन्हात ती तापते. मधुमेहाने पाय बधिर झालेल्याला चटका कळतच नाही, फोड दिसतो तो रात्री. जाड सुती मोज्यांचे दोन जोड घ्यावेत आणि झोपण्यापूर्वी दुसऱ्या कुणीतरी तळवे पाहावेत.

खाण्याचं फार सांगायला नको. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी या वाटेवर पिढ्यानपिढ्या टिकली आहे. कवळी असणाऱ्यांनी ती भाकरी वरणात कुस्करून घ्यावी, आणि बीपी असेल तर चटणीतलं मीठ घरीच कमी करावं. कवळीची डबी विसरू नये, ती रुमालात गुंडाळली की हमखास हरवते. पाण्यासाठी आजही फिरकीच्या तांब्याइतकं सोयीचं काही नाही.

कागदपत्रांत सीमा आडवी येते. महाराष्ट्राच्या एसटीत पंचाहत्तरीपुढे प्रवास मोफत आहे, पण तो राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढचं भाडं द्यावं लागतं. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून सरकारी साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही, पण ती सवलत त्याच राज्याच्या रहिवाशांना. तेव्हा पत्त्याचं ओळखपत्र आणि सुटे पैसे हाताशी हवेत. गाणगापूर रोडहून कलबुर्गी, तिथून २०१७ साली सुरू झालेल्या मार्गाने हुमनाबाद, बीदर असा रेल्वेचा पर्यायही आहे. आरक्षण करताना साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या बायकांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, तो जरूर मागावा.

बीदरला झरणी नृसिंहाला जाणार असाल तर आणखी एक सांगणं. तिथे सुमारे तीनशे मीटरचं भुयार आहे आणि कंबर-छातीइतक्या पाण्यातून चालावं लागतं. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी बाहेरूनच हात जोडावेत. जे आत जातील त्यांनी श्रवणयंत्र, फोन आणि गोळ्या बाहेर थांबणाऱ्याकडे द्याव्यात. त्याच्याजवळ एक चिठ्ठीही असू द्यावी: नाव, आजार, चालू औषधं, घरचा नंबर, एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये.