धुराचा दगड करणारा कचरा

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की निवळी दुधाळ होते, हा प्रयोग आपल्या विद्यार्थी मित्रांनी शाळेत केलाच असेल. उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड आणि चुना यांचा संयोग होऊन चुनखडीचे बारीक कण तयार होतात, एवढेच त्यामागचे रसायन. हेच रसायन वापरून कारखान्याचा धूर कारखान्याच्याच कचऱ्यात कायमचा बंदिस्त करता येतो. त्यास खनिज कार्बोनेटीकरण म्हणतात. त्याची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

मुंबईतील चुनाभट्टीचे नाव चुन्याच्या भट्ट्यांवरून पडले. अशा भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअस उष्णतेला १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो कर्बवायू उडून जातो व ५६ किलो चुनकळी उरते. कार्बोनेटीकरण म्हणजे हीच क्रिया उलट दिशेने. एकदा दगडात गेलेला वायू, दगडावर आम्ल पडले नाही वा तो पुन्हा भट्टीत गेला नाही, तर हजारो वर्षे तेथेच राहतो.

मग चुनकळीच का वापरू नये? कारण ती करतानाच तेवढा वायू बाहेर पडलेला असतो. म्हणजे हिशेब शून्य! त्यासाठी दुसऱ्या पदार्थांतील चुना हवा. १९९० साली वॉल्टर सायफ्रिट्झ यांनी सिलिकेटयुक्त खडकांचा उपयोग सुचविला. परंतु खडक खणावा लागतो. कचरा मात्र आयताच पडलेला असतो. पोलादाच्या भट्टीतील मळी, म्हणजे स्लॅग, ही त्यातील प्रमुख. तिच्यात सुमारे ४० ते ५० टक्के चुना असतो, पण बराचसा सिलिकेच्या संगतीत अडकलेला.

निसर्ग हे काम आपल्या गतीने करतोच. इंग्लंडमधील कॉन्सेट येथील पोलाद कारखाना १९८० साली बंद झाला. तेथील मळीच्या ढिगांतून झिरपणारे क्षारयुक्त पाणी ओढ्यात येते, हवेतील वायू शोषते आणि ओढ्याच्या तळाशी चुनखडीचे पांढरे थर बसतात. ही गोष्ट सुंदर वाटली तरी ओढ्यातील जीवांना ती मारक आहे.

कारखान्यात हे काम तासाभरात व्हावे असे वाटत असेल, तर मळी बारीक दळावी लागते. कणाच्या पृष्ठभागावर चुनखडीचे व सिलिकेचे कवच बसते आणि आतला चुना कोराच राहतो, ही खरी अडचण. ओलावाही बेताचा हवा. अगदी कोरड्या मळीत चुना विरघळत नाही. फार ओली असली तर छिद्रे पाण्याने भरून वायू आत शिरत नाही. दळायला वीज लागते, आणि ती कोळशाची असली तर नफ्यातला काही भाग तेथेच जातो.

आता हिशेब पाहू. एक टन पोलादामागे सुमारे दोन टन कर्बवायू निघतो. कन्व्हर्टरची मळी निघते १०० ते १५० किलो. तिच्यातील सगळा चुना वापरला गेला तरी जेमतेम ५० किलो वायू मुरेल. झोतभट्टीची मळी याहून जास्त निघते, पण ती दळून सिमेंटमध्ये घालणेच आम्हांस अधिक शहाणपणाचे वाटते, कारण तेवढी चुनखडी भाजायची वाचते.

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर येथील राखेचे काय, असे विदर्भातील वाचक विचारतील. आपल्या दगडी कोळशाच्या राखेत चुना फारच थोडा. तो चार टक्के धरला, तर एक टन राखेत फार तर ३० किलो वायू मुरेल. नेवेलीच्या लिग्नाइटची राख चुन्याने समृद्ध असते, तिची गोष्ट वेगळी. तेव्हा राखेच्या तळ्याकाठी राहणाऱ्या आपल्या बांधवांना कोणी या तंत्राचे आश्वासन दिले, तर त्यांनी आधी राखेतील चुन्याचे प्रमाण विचारावे.

प्रत्यक्ष कामे झाली आहेत. ऑस्ट्रेलियात क्विनाना येथे २००७ पासून ॲल्युमिना कारखान्याच्या लाल गाळात शेजारच्या अमोनिया कारखान्याचा वायू मुरवीत. गाळाचा दाहकपणा त्यामुळे उतरत असे. २०२४ मध्ये तेथील उत्पादन थांबले. इंग्लंडमध्ये ब्रँडन येथे २०१२ साली कचरा जाळण्याच्या भट्ट्यांतील राखेपासून, वायू मुरवून, काँक्रीटच्या ठोकळ्यांसाठी खडी बनविणारा कारखाना सुरू झाला.

अशी खडी आणि ठोकळे स्वस्त पडले तर ते प्रथम गरिबांच्या घरांनाच लागणार. कार्बोनेटीकरणाने काही जड धातू घट्ट धरले जातात हे खरे. पण पोलादाच्या मळीतून व्हॅनेडियम मात्र अधिक पाझरू लागतो, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून ठोकळ्याची नुसती मजबुती तपासून भागत नाही. तो पाण्यात ठेवून त्या पाण्यात काय उतरते, याचा दाखला विकणाऱ्याकडून मागावा लागतो.