आधी शुगर, मग गुड न्यूज!

‘हिला डायबेटिस आहे, मूल कसं होणार?’ रोज इन्सुलिन घेणाऱ्या मैत्रिणीबद्दलची ही कुजबुज तुम्हीही ऐकली असेल. उत्तर सोपं आहे : होतं! फक्त प्लॅनिंग आधीपासून लागतं.

का? बाळाचा मेंदू, मणका, हृदय पहिल्या ८ आठवड्यांतच आकार घेतात. पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत त्यातले बरेच दिवस सरलेले असतात. तेव्हा साखर जास्त असेल, तर गर्भपाताचा आणि बाळातल्या जन्मजात दोषांचा धोका वाढतो.

म्हणून लग्नानंतर घरचे कितीही मागे लागले, तरी घाई नको. आधी एचबीएवनसी टेस्ट करा. गेल्या साधारण ३ महिन्यांची सरासरी साखर त्यातून कळते. शुगर फार लो होऊ न देता हा आकडा ६.५ टक्क्यांच्या आत आणायचा. तोवर गर्भनिरोधक वापरा. डोळे, किडनी तपासून घ्या. फॉलिक अ‍ॅसिड किती घ्यायचं, ते डॉक्टरांना विचारा. बीपी, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. त्या त्यांच्याकडूनच बदलून घ्या. इन्सुलिन मात्र मनाने बंद करू नका.

आणि मित्रांनो, ही एकट्या तिची जबाबदारी नाही. उद्या तुमच्या घरात ही वेळ आली, तर डॉक्टरांकडे तिच्यासोबत तुम्हीही जा!