मागच्या चाकापाशी टर्बो

साखरप्याहून आंबा घाट चढताना साध्या पेट्रोल इंजिनाला दम लागतो, तेव्हा टर्बोची आठवण येतेच. बॉनेटखाली जागा नसेल तर टर्बो मागे, सायलेन्सरच्या जागी बसवता येतो.

तिथवर पोचेपर्यंत एक्झॉस्टचा वायू निवतो, आकसतो. म्हणून टर्बाइनचं हाउसिंग लहान घ्यावं लागतं. दाबलेली हवा लांब पाइपातून पुढे येताना थोडी थंड होते, हे छानच. पिकअप मात्र उशिरा येतो.

खरी मेख तेलात आहे. पुढच्या टर्बोतलं तेल आपल्या वजनानेच ऑइल चेंबरमध्ये उतरतं. मागचा टर्बो चेंबरपेक्षाही खाली असतो, त्यामुळे तेल परत खेचायला वेगळा पंप हवाच. तो बंद पडला की तेल सील ओलांडतं आणि मागे निळसर धुराचा लोट.

आणि आपल्या संगमेश्वरचा पाऊस! टर्बोचा हवेचा फिल्टर चाकापाशी उघडा ठेवलात, तर शास्त्री-सोनवी नद्या फुगल्यावर रस्त्यावर चढलेलं पाणी तो ओढेल. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. फिल्टर उंचावरच घ्या.

10:1 कॉम्प्रेशनच्या इंजिनाला 0.3-0.4 बारपेक्षा जास्त बूस्ट मी देणार नाही, तेही ईसीयू ट्यून करूनच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं, तेव्हा वेल्डिंगआधी आरटीओत विचारून या.