पान समोर दिसत होते तेव्हा : ड्रीमवीव्हरचा उदय आणि अस्त

वेबची पाने डोळ्यांनी पाहत बनवायच्या ड्रीमवीव्हर या सॉफ्टवेअरचा विषय निघाला की हल्ली एकच निकाल कानावर येतो. ज्यांना कोड लिहिता येत नव्हता त्यांची ती कुबडी होती. लोक शिकले, कुबडी सुटली. संगणकावर नियमित लिहिणारी काही जाणकार मंडळी हे इतक्या ठामपणे सांगतात की नव्या पिढीला ते इतिहासच वाटते. मी पुण्यात वर्षानुवर्षे हे सॉफ्टवेअर वापरले, शिकवले, त्यावर वाचनालयांची, शाळांची, छोट्या प्रकाशकांची संकेतस्थळे उभी केली. हा निकाल मला साफ अमान्य आहे. आणि तो मराठी माणसांनी मराठीत द्यावा, याचे तर जास्तच वाईट वाटते.

मुळात वेब जन्माला आले तेच लिहिता येणारे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्नमध्ये नेक्स्ट संगणकावर जो पहिला ब्राउझर लिहिला, त्यात पान वाचता येई आणि त्याच खिडकीत बदलताही येई. पानाच्या मांडणीच्या खुणा, म्हणजे टॅग, टाइप कराव्या लागत नसत. पुढे इतर संगणकांसाठी ब्राउझर निघाले तेव्हा संपादनाची बाजू मागे पडली. १९९३ चा मोझाइक जगभर पसरला तो वाचण्यापुरता. नोटपॅडमध्ये बसून टॅग लिहिणे ही वेबची मूळ, सोवळी परंपरा असल्यासारखे जे बोलले जाते, त्याला म्हणूनच आधार नाही. एक काम अर्धवट राहिले होते, म्हणून लोकांवर टॅग लिहायची वेळ आली.

ते काम पुरे करायचा प्रयत्न अनेकांनी केला. अडोबीचे पेजमिल, नेटस्केपचे नॅव्हिगेटर गोल्ड आणि त्यातून आलेले कंपोझर, हॅम्बुर्गमध्ये जन्मलेले गोलाइव्ह, आणखी बरीच नावे आहेत. त्यांत फ्रंटपेजपाशी थोडे थांबायला हवे, कारण अशा दृश्य संपादकांना जी बदनामी चिकटली तिचा उगम तिथे आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी चार्ल्स फर्ग्युसन आणि रँडी फोरगार्ड यांनी १९९४ मध्ये व्हर्मीर टेक्नॉलॉजीज नावाची कंपनी काढली, पुढच्या वर्षी फ्रंटपेज बाजारात आणले, आणि जानेवारी १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुमारे १३ कोटी डॉलरना ती कंपनीच विकत घेतली. फ्रंटपेज सर्व्हरवर जे फोल्डर तयार करी, त्यांच्या नावांत 'व्हीटीआय' ही अक्षरे शेवटपर्यंत राहिली. ती व्हर्मीर टेक्नॉलॉजीज इन्कॉर्पोरेटेडचीच आद्याक्षरे. (हेच फर्ग्युसन पुढे माहितीपटांकडे वळले आणि २००८ च्या आर्थिक संकटावरच्या 'इनसाइड जॉब'साठी ऑस्कर घेऊन गेले.) फ्रंटपेजने लाखो लोकांना पहिले पान करायला शिकवले हे मी कधीच नाकारणार नाही. पण त्याच्या दोन खोडी होत्या. एक, त्याच्या अर्ध्या सोयी सर्व्हरवर त्याची स्वतःची एक्स्टेन्शन्स बसवल्याशिवाय चालत नसत. दुसरी खोड जास्त वाईट. तुम्ही नीट लावून लिहिलेला कोड त्यात उघडला की सुरुवातीच्या आवृत्त्या तो आपल्या मनाने पुन्हा लिहून काढत. २००० च्या आवृत्तीत ही खोड बरीचशी काढली, पण तोवर नाव खराब झाले होते.

ड्रीमवीव्हरचे वेगळेपण नेमके इथे सुरू होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅक्रोमीडियाने डिसेंबर १९९७ मध्ये पहिली आवृत्ती काढली, आधी मॅकसाठी, मग काही महिन्यांत विंडोजसाठी. कामाचे नेतृत्व केव्हिन लिंच यांचे; हे गृहस्थ पुढे अडोबीचे तंत्रप्रमुख झाले आणि त्यानंतर अॅपलमध्ये जाऊन तिथल्या घड्याळाचे काम पाहू लागले. या आवृत्तीचे मुख्य वचन होते 'राउंडट्रिप एचटीएमएल'. तुमचा कोड दुसऱ्या कुठल्याही संपादकात लिहा, इथे आणा, डोळ्यांनी पाहत बदल करा, परत घेऊन जा. तुम्ही हात लावला नाही ती ओळ जशीच्या तशी राहील. हे वचन नुसते जाहिरातीपुरते नव्हते. खोक्यातच विंडोजवाल्यांसाठी होमसाइट आणि मॅकवाल्यांसाठी बीबीएडिट हे हाताने कोड लिहायचे संपादक दिलेले असत. कोड लिहिणाऱ्याला हाकलून द्यायचे असते तर त्याचे हत्यार कोणी आपल्याच खोक्यात घालून विकले असते का? २००० च्या अखेरीस आलेल्या चौथ्या आवृत्तीत पडदा दुभंगून वर कोड आणि खाली पान दिसू लागले. खाली एक शब्द निवडला की वर तोच शब्द निवडलेला दिसे. माझ्या विद्यार्थ्यांपैकी जे पुढे चांगले प्रोग्रामर झाले, त्यांतले कित्येक टॅग शिकले ते या दुभंगलेल्या पडद्यावर.

आता मराठीकडे येतो. सगळ्या टीकाकारांनी हा मुद्दा वगळला आहे.

त्या काळी मराठी पान म्हणजे फाँटचे पान. सी-डॅकचा डीव्ही-टीटी योगेश, श्री-लिपीचे फाँट, आकृतीचे फाँट. प्रत्येकाची मांडणी निराळी. या फाँटांत रोमन आणि युरोपीय अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत : इथे काना, तिथे अर्धा क, आणखी कुठे रफार. फाइलीत प्रत्यक्षात असत ती डोक्यावर टोप्या घातलेली परदेशी अक्षरे. त्यांच्याभोवती फाँटचा टॅग लागला आणि तो फाँट संगणकावर असला, तरच मराठी उमटे. अशी फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर 'मराठी' हा शब्दसुद्धा ओळखता येत नसे. वाक्य कुठे संपले, परिच्छेद कुठला, वेलांटी पहिली की दुसरी, काहीच कळायला मार्ग नव्हता. 'कोड हाताने लिहा' हा उपदेश इंग्रजी पानांसाठी ठीक होता. आम्हाला आमची भाषा वाचता यायची ती फक्त डिझाइन व्ह्यूमध्ये. आमच्यासाठी दृश्य संपादक म्हणजे भाषा दिसण्याची एकमेव जागा होती, आणि ज्यांनी त्या फाँटांशी झुंज घेतलेली नाही त्यांनी कुबडीची भाषा वापरू नये.

एका वाचनालयाचे काम करताना एक निवृत्त मुद्रितशोधक माझ्या शेजारी येऊन बसत. माउसला त्यांनी तोवर हात लावलेला नव्हता. पुस्तकांची वर्गवार यादी पडद्यावर आली की ते बोट ठेवून चुका दाखवायला लागत, आणि काही आठवड्यांत त्यांनी खुर्ची बदलून घेतली : आता ते कळफलकापाशी आणि मी शेजारी. टॅग म्हणजे काय हे त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हते. त्यांच्या हाताखालून गेलेल्या त्या पानांवर ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवून द्यावी असे मी आजही कोणाला आव्हान देईन.

अडचणी होत्याच. पानाच्या शीर्षकपट्टीला फाँट लावता येत नसल्याने मराठी पानाचे नाव रोमनमध्ये लिहावे लागे. पानाची एन्कोडिंग चुकीची ठेवली की संपादक त्या टोपीवाल्या अक्षरांचे लांबलचक संकेत करून ठेवी. वाचकाकडे फाँट नसला तर पान म्हणजे भेंडोळे, म्हणून 'आधी फाँट उतरवून घ्या' अशी सूचना दारातच. मग मायक्रोसॉफ्टच्या वेफ्ट या साधनाने फाँट पानाबरोबर पाठवायची सोय झाली. तो फाँट संकेतस्थळाच्या पत्त्याला बांधलेला असे, आणि नेटस्केपसाठी बिटस्ट्रीमचा वेगळा प्रकार करावा लागे. विंडोज २००० बरोबर मंगल फाँट आणि युनिकोड देवनागरी आली, तरी लोकांच्या घरी विंडोज ९८ पुष्कळ काळ ठाण मांडून होते. या साऱ्या संक्रमणात एका फाँटमधली शेकडो पाने दुसऱ्यात न्यायची झाली, तेव्हा ड्रीमवीव्हरच्या संपूर्ण साइटभर चालणाऱ्या शोधा-आणि-बदलाने किती रात्री वाचवल्या, ते त्या वेळी काम केलेल्यांना विचारा.

पण ड्रीमवीव्हरचे खरे वैभव म्हणजे टेम्प्लेट. मी सभासंमेलनांत, वर्गांत, लेखांत याच एका गोष्टीचा ढोल वाजवत आलो आणि इथेही वाजवणार आहे. कल्पना अशी. पानाचा सांगाडा एकदा तयार करायचा : माथा, मेनू, तळटीप. 'डॉट डीडब्ल्यूटी' फाइल म्हणून तो 'टेम्प्लेट्स' फोल्डरमध्ये ठेवायचा. त्यात कुठला भाग बदलता येईल ते ठरवून द्यायचे. या सांगाड्यावरून केलेल्या पानात तेवढाच भाग लिहिता येई. बाकीच्यावर माउस नेला की लिहिण्याला मनाईचे चिन्ह. कोड व्ह्यूमध्येसुद्धा तो भाग फिकट आणि कुलूपबंद. पुढे मेनूत एक दुवा वाढवायचा झाला तर सांगाड्यात वाढवून फाइल जतन करायची, की संपादक विचारी : यावरची सगळी पाने बदलू का? हो म्हटले की पानांमागून पाने बदलत जाणारी यादी समोर सरकू लागे. एमएक्स आवृत्तीपासून पुनरावृत्त भाग, ऐच्छिक भाग, टेम्प्लेटमध्ये टेम्प्लेट अशा सोयीही आल्या.

यात डेटाबेस नव्हता. सर्व्हरवर काहीच बसवावे लागत नसे. कुठला भाग कुठे सुरू होतो आणि संपतो, याची खूण पानातच एका साध्या टिपणीच्या रूपाने असे, आणि ब्राउझर तिच्याकडे दुर्लक्ष करी. ग्रंथपाल, शिक्षक, संस्थेचे कार्यवाह, कोणीही आपल्यापुरता मजकूर बदलावा आणि मांडणी मोडायची भीती कोणाला नसावी. मॅक्रोमीडियाच्या २००२ च्या कॉन्ट्रिब्यूट या संपादकाने तर ही सोय ड्रीमवीव्हर न घेणाऱ्यांनाही दिली : ब्राउझरसारखे पान उघडा, 'संपादन' म्हणा, लिहा, प्रसिद्ध करा. बर्नर्स-लींच्या पहिल्या खिडकीच्या इतके जवळ माझ्या पाहण्यात दुसरे काहीच आले नव्हते. एक खोट होती. सांगाडा बदलला की सगळी पाने पुन्हा सर्व्हरवर चढवावी लागत, आणि डायलअपवर ते काम संध्याकाळ खाऊन टाकी.

बाकीच्या आवृत्त्यांचे फार सांगण्यासारखे नाही. माउस नेल्यावर चित्र बदलणाऱ्या बटणांची हौस, त्यांचा 'एमएम' अक्षरांनी सुरू होणारा जावास्क्रिप्ट, टाइमलाइनवर सरकणारे लेयर, आले तसे गेले. अल्ट्राडेव्ह ही वेगळी आवृत्ती आली, २००२ मध्ये एमएक्समध्ये विलीन झाली.

वेबच्या मानकांच्या बाबतीत मात्र टीकाकारांना उत्तर द्यायला हवे. ड्रीमवीव्हर टेबलांच्या पोटात टेबले घालून पाने करी, हे खरे. त्या वेळी ब्राउझरच सीएसएस धड पाळत नव्हते, हेही तितकेच खरे. जगातल्या उत्तमोत्तम हातांनी लिहिलेली पानेसुद्धा टेबलांचीच होती. आणि २००१ मध्ये वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्टने खास ड्रीमवीव्हरसाठी कार्यगट नेमला, रेचल अँड्र्यू आणि ड्रू मॅक्लेलन यांच्यासारखी माणसे त्यात होती, त्यांनी मॅक्रोमीडियाबरोबर बसून पुढच्या आवृत्त्यांचा कोड सुधारून घेतला. सामान्य माणसाचे साधन सुधारले की लाखो पाने आपोआप सुधारतात, हे त्या मानकवाद्यांना कळले होते. आपल्याकडच्या मानकवाद्यांनी तेवढे कष्ट घेतल्याचे मला दिसले नाही.

मग घसरण का झाली? मला तीन कारणे दिसतात, आणि 'लोक कोड शिकले' हे त्यांत नाही. पहिले आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे पान ही फाइल उरली नाही. २००३ मध्ये वर्डप्रेस आले. मजकूर डेटाबेसात, सांगाडा पीएचपीच्या दहा तुकड्यांत, आणि पान वाचकाने मागितले की त्या क्षणी जुळणारे. डिझाइन व्ह्यूमध्ये उघडायला समोर पानच नाही. दुसरे, पडद्याची रुंदी निश्चित राहिली नाही. २००७ मध्ये आयफोन आला, २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी रिस्पॉन्सिव्ह मांडणीचा लेख लिहिला, आणि 'जसे दिसते तसेच मिळेल' या वचनाला 'कुठल्या पडद्यावर?' असा प्रश्न चिकटला. तिसरे कारण बाजाराचे. अडोबीने २००५ च्या अखेरीस सुमारे ३.४ अब्ज डॉलरना मॅक्रोमीडिया घेतली. स्पर्धक स्वतःच्याच घरात आल्यावर ईर्षा संपली. २००८ मध्ये अडोबीने आपलेच गोलाइव्ह बंद केले. त्याच वर्षीच्या सीएस४ मध्ये वेबकिट या ब्राउझर-इंजिनवर चालणारा लाइव्ह व्ह्यू आला, ती ड्रीमवीव्हरमधली शेवटची मोठी गोष्ट असे माझे मत आहे. पुढे अडोबीचे लक्ष म्यूज या दुसऱ्या संपादकाकडे गेले. ते २०१२ मध्ये आणले आणि २०१८ मध्ये विकास थांबवल्याचे जाहीर केले. २०१३ पासून खोके गेले, वर्गणी आली. एकदा पैसे देऊन घेतलेली आवृत्ती दहा वर्षे चालवणारी वाचनालये आणि शाळा त्या दिवशी बाहेर पडल्या.

एका धाग्याने नेटाने तग धरला. नेटस्केप बुडाल्यावर कंपोझरचा कोड डॅनियल ग्लाझमान या फ्रेंच प्रोग्रामरने हाती घेतला, २००५ मध्ये एनव्हीयू पूर्ण केले, नंतर ब्लूग्रिफन लिहिले. एनव्हीयू फुकट होते आणि त्याचा कोड खुला होता. मी त्याचा प्रचार करत हिंडलो. संस्थाचालक ऐकून घेत आणि शेवटी विचारत, 'पण हे वर्डप्रेस आहे का?'

आजची स्थिती काय? छोट्या संस्थेचे संकेतस्थळ महिन्याच्या भाड्याने कोणाच्या तरी बिल्डरवर उभे असते. पान डोळ्यांनी पाहत बदलण्याची सोय तिथे परत आली आहे, आणि ती ड्रीमवीव्हरपेक्षा देखणी आहे, हे मान्य. पण भाडे थकले की पाने गेली. उचलून दुसरीकडे न्यायची म्हटली तर हाती सुटा मजकूर येतो, सांगाडा तिकडेच राहतो. माझ्या माहितीतल्या एका संस्थेने आपली जुनी पाने काढून अशा ठिकाणी बस्तान हलवले. पुरवठादाराने योजना बदलली, आणि वर्गणीदारांनी वर्षानुवर्षे लिहिलेले परीक्षण-लेख एका रात्रीत दिसेनासे झाले. त्यांची ड्रीमवीव्हरच्या काळातली पाने मात्र एका सीडीवर होती, दुहेरी टिचकी मारताच ब्राउझरमध्ये उघडली, आणि त्यांतला फाँट एकदा युनिकोडमध्ये बदलून घेतल्यावर सगळी यादी पुन्हा वाचता आली.

म्हणून जे तरुण आज नवे संपादक बनवत आहेत, वाक्य सांगितले की पान बांधून देणारी यंत्रे लिहीत आहेत, त्यांच्याकडे माझी मागणी नेमकी आहे. बांधलेले पान साध्या एचटीएमएल फाइलीच्या रूपाने माणसाच्या हातात द्या. मी हात लावला नाही ती ओळ बदलू नका. आणि टेम्प्लेटची कुलपे परत आणा, म्हणजे गावच्या ग्रंथपालाला पानावर नवी पुस्तके चढवायला कोणाची वाट पाहावी लागणार नाही.